उपग्रह स्वस्त झाले, पण प्रतिमा कोणाच्या झाल्या?

मागच्या महिन्यात आमच्या विभागात पीएचडी प्रवेशाच्या मुलाखती होत्या. उमेदवारांच्या फाइली क्रमानं लावून आत पाठवायचं काम माझ्याकडे होतं. रिमोट सेन्सिंगचा विषय घेतलेल्या तीन सिनॉप्सिस मी चाळल्या, तर तिन्हींत पहिल्याच पानावर जवळजवळ एकच वाक्य: लहान आणि कमी खर्चाच्या उपग्रहांमुळे पृथ्वी निरीक्षण आता सर्वांच्या आवाक्यात आलं आहे. त्यांपैकी एक मुलगा मुलाखतीनंतर पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर आला. समितीतल्या मॅडमनी त्याला एवढंच विचारलं होतं, "सर्वांच्या म्हणजे नक्की कोणाच्या?" त्याला काही सुचलं नव्हतं.

मला त्याच्यावर हसू आलं नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या सिनॉप्सिसमध्येही हेच वाक्य होतं. मला तो प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून मी सुटले. पुढे काम करताना मात्र तोच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर येत राहिला. आज त्या वाक्याची नीट झडती घेऊ. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा विषय शोधत असाल, तर ही झडती मुलाखतीच्या आधी झालेली बरी.

एका रॉकेटमधले तीन प्रवासी

२२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ उडालं. त्यात २० उपग्रह होते. मुख्य प्रवासी होता कार्टोसॅट-२ मालिकेतला, सातशे किलोंहून जास्त वजनाचा. बाकीच्या लहानसहान मंडळींपैकी तीन प्रकार आपल्या कामाचे आहेत.

पहिला 'स्वयम्'. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, साधारण एक किलोचा, हातात मावेल असा ठोकळा. त्यावर कॅमेरा नव्हता. त्याचं काम संदेशवहनाचं होतं. दुसरा प्रकार म्हणजे अमेरिकेतल्या प्लॅनेट कंपनीचे १२ 'डव्ह' उपग्रह. प्रत्येकाचा आकार १० बाय १० बाय ३० सेंटिमीटर, वजन चार-पाच किलो, आणि काम एकच: खाली बघत फोटो काढत राहणं. तिसरा कॅनडाच्या जीएचजीसॅट कंपनीचा, साधारण मायक्रोवेव्ह ओव्हनएवढा. तो हवेतला मिथेन मोजायला निघाला होता.

आपण या तिघांनाही 'लहान, स्वस्त उपग्रह' म्हणतो आणि तिघांमुळे 'प्रवेश वाढला' असंही म्हणतो. पण स्वयम् मुळे उपग्रह *बनवण्याचा* प्रवेश वाढला, डव्हमुळे वारंवार *पाहण्याचा*, आणि जीएचजीसॅटमुळे आधी न दिसणारं काहीतरी *मोजण्याचा*. या तिन्हींत, ती माहिती तुमच्या-माझ्या संगणकावर येईल का, याचं उत्तर कुठेच नाही. ती चौथी गोष्ट आहे. आपल्या वाक्यातली गडबड अशी, की त्यात या चारही गोष्टी एकाच पिशवीत भरल्या आहेत.

स्वस्त झालं ते काय?

आधी श्रेय देऊ. १९९९ साली कॅल पॉलीचे जॉर्डी पुईग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी क्यूबसॅटचं मोजमाप ठरवलं: १० सेंटिमीटरचा घन. उद्देश शिकवण्याचा होता. विद्यार्थ्याला पदवी संपायच्या आत एक उपग्रह कल्पनेपासून कक्षेपर्यंत नेता यावा. ठरावीक माप असल्यामुळे ठरावीक पेटी आली, आणि ठरावीक पेटीमुळे कोणत्याही रॉकेटच्या कोपऱ्यात जागा मिळू लागली. एसटीत डबा पाठवावा तसं. २०१० मध्ये नासाच्या एम्स केंद्रातून बाहेर पडलेल्या तिघांनी प्लॅनेट सुरू केली आणि याच मापाच्या तीन घनांत दुर्बीण आणि कॅमेरा बसवला.

यामागची खरी कल्पना आकारापेक्षा वेगळी आहे: एक उपग्रह गेला तरी चालेल. ऑक्टोबर २०१४ मध्ये अँटारिस रॉकेटचा उड्डाणानंतर काही सेकंदांत स्फोट झाला आणि त्यात २६ डव्ह जळाले. एखाद्या मोठ्या मोहिमेचा तो शेवट ठरला असता. इथे पुढची तुकडी तयार होत होती. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्ही-सी३७ नं एकाच उड्डाणात १०४ उपग्रह सोडले, त्यातले ८८ डव्ह होते. आपण त्या दिवशी १०४ चा विक्रम साजरा केला. ८८ डोळे एकदम उघडले, याची चर्चा त्या मानानं कमीच झाली. त्याच वर्षी पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन रोज एकदा टिपण्यापर्यंत कंपनी पोहोचली.

पण पेटी लहान केली की भौतिकशास्त्र आपला हिशेब मागतंच. वही घ्या. डव्हच्या पेटीत दुर्बिणीचं तोंड फार तर ९ सेंटिमीटरचं मावतं. उंची ४७५ किलोमीटर धरा, प्रकाशाची तरंगलांबी ०.६ मायक्रॉन. बीएस्सीला शिकलेलं रॅलेचं सूत्र वापरा: १.२२ गुणिले तरंगलांबी, भागिले तोंडाचा व्यास, गुणिले उंची. उत्तर येतं साधारण ३.९ मीटर. याहून बारीक तपशील त्या पेटीतून त्या उंचीवर दिसणं अवघड. डेटा तुमच्याकडे येतो तो ३ मीटरच्या पिक्सेलमध्ये, पण पिक्सेल ३ मीटरचा आहे म्हणून ३ मीटरची वस्तू वेगळी दिसेल असं समजू नका. मुलाखतीत हा फरक सांगता आला तर समोरचे लोक पेन खाली ठेवून ऐकतात.

आता त्याच सूत्रात १० मायक्रॉन घाला, म्हणजे जमिनीची उष्णता मोजायची पट्टी. उत्तर ६४ मीटरच्या आसपास जातं, शिवाय तसा डिटेक्टर थंड ठेवायचा प्रश्न वेगळाच. म्हणून डव्हवर उष्णतेचा बँड नाही. शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडही नाही. पिकातला ओलावा, जळालेलं रान, बाष्पीभवन यांवर काम करायचं असेल तर हेच बँड लागतात, आणि ते लँडसॅट, सेंटिनेलसारख्या टनभर आणि त्याहून जड यंत्रांवर आहेत.

शेततळ्याचा हिशेब

माझा विषय सिन्नर भागातली शेततळी. राज्य सरकारची 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ ची. त्यातल्या मोठ्यातल्या मोठ्या तळ्याचं माप ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. कल्पना अशी, की पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायचं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उपसून त्यात भरतात. एकाचं तळं भरतं तेव्हा शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी उतरते. तळं कधी भरलं हे कळलं तर ते पावसानं भरलं की मोटरनं, याचा अंदाज येतो. गावातल्या पाण्याच्या भांडणाचं मूळ इथे आहे, म्हणून मी हा विषय घेतला.

असं ३० मीटरचं तळं लँडसॅटच्या ३० मीटर पिक्सेलमध्ये नेमकं बसलं तर एक पिक्सेल. पण तळी खणताना कोणी लँडसॅटची जाळी बघत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा एकही पूर्ण पिक्सेल मिळत नाही. सगळे काठाचे, अर्धं पाणी अर्धा बांध. सेंटिनेल-२ च्या १० मीटरमध्ये जास्तीत जास्त नऊ, आणि जाळी सरकलेली असेल तर निव्वळ पाण्याचे चारच. ३ मीटरच्या प्रतिमेत मात्र ऐंशी ते शंभर. इथे लघुउपग्रहांचं म्हणणं पूर्ण खरं आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातली सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर आहे. एवढ्या लहान शेतांच्या देशात बारीक पिक्सेल ही चैन म्हणता येत नाही. त्याशिवाय बांध कुठला आणि पीक कुठलं हेच कळत नाही.

म्हणून मी एका व्यावसायिक ताफ्याच्या प्रतिमा शैक्षणिक परवान्यावर मिळवल्या. रोजच्या रोज. पहिल्यांदा त्या उघडल्या तेव्हा वाटलं, आता काय, प्रबंध लिहायचाच बाकी.

"सगळ्यांनी एकदम मोटर चालू केली का?"

सहा महिन्यांनी मी गाईडसरांना आलेख दाखवला. शंभरेक तळ्यांचं पाण्याचं क्षेत्र, दिवसागणिक. जानेवारीतल्या एका सकाळी त्यातली निम्मी तळी एकदम भरली होती. मी खुशीत होते. सरांनी आलेखाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांनी मिळून एकदम मोटर चालू केली का गं?"

मोटर कोणीच चालू केली नव्हती. आदल्या दिवशीची प्रतिमा ताफ्यातल्या एका उपग्रहाची होती आणि त्या दिवशीची दुसऱ्या पिढीच्या दुसऱ्या उपग्रहाची. दोघांचा 'हिरवा' आणि 'नियर इन्फ्रारेड' अगदी एकच नव्हता. पाणी ओळखायला मी याच दोन बँडचं गुणोत्तर वापरत होते, त्यामुळे कॅमेरा बदलला आणि माझ्या कागदावर तळी भरली. त्यात भर म्हणजे काळं प्लास्टिक अंथरलेलं रिकामं तळंही इन्फ्रारेडमध्ये गडद दिसतं, त्यामुळे माझी उंबरठा-किंमत आधीच डळमळीत होती. कोणती प्रतिमा कोणत्या उपग्रहाची हे प्रत्येक फाइलच्या मेटाडेटात लिहिलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं. चूक उपग्रहांची नव्हती, माझी होती. सहा महिन्यांचं काम पुन्हा केलं.

या फजितीतून जे शिकले ते वाक्याच्या झडतीत महत्त्वाचं आहे. मोठ्या उपग्रहाचा खर्च नुसत्या मोठ्या आरशात जात नाही. लँडसॅट-८ वर आणि सेंटिनेल-२ वर सूर्यप्रकाश पडद्यावर घेऊन स्वतःचं माप तपासायची सोय आहे. म्हणजे दुकानदारानं तराजू रोज प्रमाणित वजनानं तपासून घ्यावा तसं. चार किलोच्या पेटीत एवढी सामग्री मावत नाही. म्हणून लहान उपग्रहांचं माप जमिनीवरच्या ठरावीक जागा, चंद्र, आणि मुख्य म्हणजे त्याच वेळी तिथून जाणारे मोठे उपग्रह यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं. सौदी अरेबियातल्या काउस्ट विद्यापीठातल्या हूबोर्ग आणि मकेब यांनी २०१८ मध्ये मांडलेली पद्धत वाचा. क्यूबसॅटच्या प्रतिमा लँडसॅट आणि मोडिसच्या मापाला आणून मग त्यातून पिकाची वाढ काढायची, असा तिचा गाभा आहे.

म्हणजे 'मोठे, महाग, सरकारी उपग्रह जुने झाले, आता लहानांचा जमाना' असं जे सुचवलं जातं, ते उलटं आहे. लहानांचं माप मोठ्यांच्या तराजूवर होतं. तराजू गेला तर आपल्याकडे रोजचे सुंदर फोटो उरतील, पण कालच्या फोटोतला बदल खरा की कॅमेऱ्याचा, हे सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट कबूल करते. रोजचा डेटा मला लागतच नव्हता. ३० मीटरचं, उताराच्या भिंतींचं तळं साधारण २० लाख लिटरचं. मोटर सेकंदाला आठ लिटर फेकते आणि वीज दिवसाला आठ तास असते असं धरलं, तर तळं भरायला आठ-नऊ दिवस लागतात. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी येतात. हिवाळ्यात आपल्याकडे आकाश बहुतेक मोकळं असतं. तेवढ्यात माझं भागत होतं. बारीक प्रतिमा हवी होती ती तळ्याची कड नेमकी आखायला, वर्षातून एक-दोनदा. शेवटी मी तसंच केलं. रोजचं मिळतंय म्हणून रोजचं मागितलं, हा प्रश्न नीट न मांडल्याचा परिणाम होता. डेटा बघून प्रश्न ठरवला की असं होतं.

दार कोणी उघडलं?

आता चौथ्या गोष्टीकडे, म्हणजे डेटा हातात पडण्याकडे. यात लँडसॅटची गोष्ट सांगितल्याशिवाय कोणी 'प्रवेश' हा शब्द वापरू नये असं माझं मत आहे.

पहिला लँडसॅट १९७२ चा. १९८४ च्या कायद्यानं अमेरिकेनं या प्रतिमांची विक्री खासगी हातात दिली आणि एका प्रतिमेची किंमत वाढत ४४०० डॉलरपर्यंत गेली. उपग्रह तेच होते, वर फिरत होते, फोटो काढत होते. वापरणारे मात्र गळाले. १९९९ मध्ये लँडसॅट-७ बरोबर किंमत ६०० डॉलरवर आली. विक्रीचं सगळ्यात चांगलं वर्ष २००१, तेव्हा सुमारे २५ हजार प्रतिमा खपल्या. २००८ मध्ये अख्खा संग्रह फुकट खुला केला. पुढच्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त प्रतिमा डाउनलोड झाल्या.

या आकड्यांकडे पुन्हा बघा. २००१ आणि २००९ च्या मध्ये उपग्रह लहान झाला नाही, स्वस्तही झाला नाही. बदलला तो एक सरकारी निर्णय. पुढे युरोपनं सेंटिनेल मालिका पहिल्या दिवसापासून खुली ठेवली. सेंटिनेल-२ चं वजन टनाच्या वर आहे, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक एमएस्सी प्रकल्पांत तोच वापरला जातो. लाखो प्रतिमा डाउनलोड न करता ब्राउझरमध्येच हाताळायची सोय गूगल अर्थ इंजिननं केली, तीही याच खुल्या संग्रहांवर उभी आहे.

आपल्याकडेही तसंच. आयआरएस-१ए १९८८ पासून वर होता. पण सामान्य विद्यार्थ्याला डेटा सहज मिळण्याच्या वाटेवरचे टप्पे नंतरचे: २००९ मध्ये 'भुवन' आलं, आणि २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणात ५ मीटर किंवा त्याहून जाड विभेदनाचा डेटा मोफत आणि खुला देण्याचं लिहिलं गेलं. रिसोर्ससॅटच्या लिस-४ कॅमेऱ्याचं विभेदन ५.८ मीटर, म्हणजे तो या मर्यादेत बसतो. हैदराबादच्या एनआरएससीचं 'भूनिधी' पोर्टल अजून उघडलं नसेल तर हा लेख संपल्यावर उघडा.

लघुउपग्रहांचा डेटा खुला झाल्याचं मोठं उदाहरण द्यायचं तर नॉर्वेचं. २०२० मध्ये नॉर्वे सरकारच्या हवामान आणि वन उपक्रमानं करार करून उष्णकटिबंधीय जंगलांच्या प्रदेशाच्या प्लॅनेटच्या मासिक प्रतिमा, पाच मीटरच्या आतल्या, सर्वांना मोफत पाहता येतील अशी व्यवस्था केली. जंगलतोडीवर काम करणाऱ्यांना त्याचा फार उपयोग झाला. पण तिथेही दार उघडलं ते सार्वजनिक पैशानं. आणि असा करार मुदतीचा असतो. तुमचा प्रबंध पाच वर्षांचा आणि डेटाचा करार चार वर्षांचा, असं झालं तर काय करायचं, हे सिनॉप्सिस लिहितानाच ठरवायला हवं.

पावसाळ्यात काय दिसतं?

आपल्या भागाचा एक वेगळा प्रश्न आहे. खरीप वाढतो त्याच महिन्यांत आकाश भरलेलं असतं. रोज फोटो काढणारा उपग्रह जुलैभर रोज ढगांचे फोटो काढतो. ढगातून बघायचं तर रडार लागतं. लहान रडार उपग्रह आहेत. फिनलंडच्या आयसायचा पहिला उपग्रह जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच पीएसएलव्ही-सी४० नं वर नेला, वजन शंभर किलोंच्या आत. पण तो व्यापारी डेटा आहे. विद्यार्थ्याला फुकट रडार डेटा मिळतो तो २०१४ पासूनच्या सेंटिनेल-१ मालिकेचा, आणि आता इस्रो-नासाच्या निसारचा. ३० जुलै २०२५ ला गेलेला निसार सुमारे २४०० किलोंचा आहे, आणि त्याचा डेटा खुला ठेवायचं आधीपासून ठरलेलं आहे. सिन्नरच्या सोयाबीनवर पावसाळ्यात नजर ठेवायची असेल, तर 'आवाक्यात' आलेला उपग्रह हा आहे. तो लहानही नाही, स्वस्तही नाही.

मग लहान उपग्रह कशासाठी?

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई लघुउपग्रहांच्या विरोधात आहे. तसं नाही. त्या रॉकेटमधला तिसरा प्रवासी आठवा, मिथेन मोजणारा. २०१९ च्या सुरुवातीला तो तुर्कमेनिस्तानच्या पश्चिमेला एका चिखल-ज्वालामुखीवर नजर ठेवून होता. शेजारच्या कोर्पेजे वायूक्षेत्रात त्याला मिथेनचा प्रचंड लोट दिसला. युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरच्या ट्रोपोमीनं त्याला दुजोरा दिला. ट्रोपोमीला रोज सगळं जग दिसतं, पण ७ किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये. लहान उपग्रहाला बारा-एक किलोमीटरचीच चौकट दिसते, पण पन्नासेक मीटरच्या बारकाईनं, म्हणजे गळती कोणत्या जागेवरून होते आहे ते कळतं. माहिती पोहोचवल्यावर ती गळती थांबल्याचं पुढच्या निरीक्षणांत दिसलं.

मला हे उदाहरण नेमकं वाटतं. मोठ्यानं दिशा आणि माप दिलं, लहानानं बोट ठेवलं. दोघांपैकी एकटा कोणी पुरला नसता. बंगळूरच्या पिक्सेल कंपनीनं २०२५ मध्ये सोडलेले, ५ मीटर विभेदनाचे हायपरस्पेक्ट्रल फायरफ्लाय उपग्रहही याच जातीचे: जे मोठ्या मोहिमांत चटकन होत नाही ते करून बघणारे. आणि स्वयम् किंवा आयआयटी मुंबईचा 'प्रथम' यांच्यामुळे आपल्या मुलांनी कक्षेत यंत्र चालवून पाहिलं, ही गोष्ट कोणत्याही प्रतिमेहून कमी मोलाची नाही. तक्रार आहे ती या सगळ्याला 'सर्वांच्या आवाक्यात' म्हणण्याबद्दल.

तात्यांचा प्रश्न

तळ्यांची खातरजमा करायला मी गावात फिरत होते तेव्हा एका बांधावर एक म्हातारे शेतकरी भेटले. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. मी टॅबवर त्यांना त्यांच्याच शिवाराची प्रतिमा दाखवली. त्यांनी आपली विहीर ओळखली, शेजाऱ्याचं तळं ओळखलं. बराच वेळ बघून म्हणाले, "ताई, हे दर महिन्याचं आहे का तुमच्याकडं?"

"रोजचं आहे, तात्या."

"मग आम्हाला द्या की. ग्रामसभेत दाखवतो. तळी कधी भरली ते दिसतंय ना यात."

मला देता आलं नाही. माझ्या परवान्यात कच्च्या प्रतिमा तिसऱ्या माणसाला द्यायची मुभा नव्हती. त्यांच्या शेताचा, त्यांच्या विहिरीचा फोटो माझ्याकडे होता, कंपनीकडे होता, पैसे भरून घेणाऱ्या कोणाकडेही असू शकत होता. ग्रामसभेकडे नव्हता. मी सेंटिनेलच्या प्रतिमांची छापील मालिका करून त्यांना नेऊन दिली. त्यात तळी चार-चार ठिपक्यांची दिसतात. तात्यांनी चष्मा वर-खाली करत ती पाहिली आणि घडी करून खिशात ठेवली.

दुसरी बाजूही आहे. ती मालिका ग्रामसभेत गेली तर कोणाच्या तरी तळ्याकडे बोट दाखवलं जाणार. ज्यानं कर्ज काढून द्राक्षबाग वाचवण्यासाठी तळं भरलं, त्याला मी विचारलं नव्हतं. आकाशातून बघायला परवानगी लागत नाही, म्हणून जमिनीवर जबाबदारी संपत नाही. माझ्या प्रबंधात एकही तळं गट क्रमांकानं ओळखता येणार नाही असं मी ठरवलं. पण गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं, हेही मला कळतं. या पेचाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तर ते वाक्य खोडायचं का? खोडू नका, पूर्ण करा. कोणाला, काय, किती वेळा, कोणत्या अटीवर, हे चार शब्द त्यात घाला. माझं आजचं वाक्य असं होईल: 'व्यावसायिक लघुउपग्रहांमुळे शेततळ्याएवढ्या लहान पाणवठ्याची कड आखण्याइतकी बारीक प्रतिमा शैक्षणिक परवान्यावर मिळते, तळं भरण्याच्या तारखा मात्र खुल्या सेंटिनेल-२ संग्रहातून काढल्या आहेत, म्हणजे त्या कोणालाही तपासता येतील.' लांब झालं, पण त्यातला प्रत्येक शब्द मला मुलाखतीत सांभाळता येईल.

'कोणालाही तपासता येतील' हा तुकडा सोडू नका. तुमचा निष्कर्ष ज्या डेटावर उभा आहे तो दुसऱ्या विद्यापीठातल्या, परवाना नसलेल्या मुलीला मिळणार नसेल, तर तिनं तुमच्यावर नुसता विश्वास ठेवायचा. विज्ञानात तेवढं पुरत नाही. म्हणून मुख्य निष्कर्ष शक्यतो खुल्या डेटावर बांधा, आणि बंद डेटा बारकाव्यासाठी वापरा. वापरायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: प्रतिमा कोणत्या उपग्रहाची, तिचं माप कशाशी जुळवलं आहे, आणि परवाना कधी संपतो. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर सहा महिने वाचले असते.

त्या मुलाची निवड झाली, काळजी करू नका. परवा तो लॅबमध्ये आला आणि म्हणाला, "ताई, माझं वाक्य आता दीड पान झालंय." मी म्हटलं, "होऊ दे. गाईड कापतील. आधी लिहून तर काढ."